मार्फत, घर वाचवणारी कंपनी

४ फेब्रुवारी

तुझा नवरा दिवाळखोर झाला हे मला, तुझ्या सख्ख्या आजीला, खालच्या केस कापणाऱ्याकडून कळलं. एका हातात गिऱ्हाइकाची मान, दुसऱ्या हातात पेपर, आणि मोठ्याने वाचन चाललेलं. कोर्टाची नोटीस होती. हरवलेली माणसं आणि विकायच्या जुन्या गाड्या यांच्या मधोमध, मुंगीएवढ्या अक्षरात. पुढे 'सोफा व गादी दुरुस्ती' असं आलं आणि मी भाजीची पिशवी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. गिऱ्हाईक हसत होतं. तुझ्याकडून दोन ओळी आल्या असत्या तर मला निदान उभ्याने ऐकता आलं असतं.

आता आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा तसाच.

आपल्या घरात आधी भांडण, मग ख्यालीखुशाली. तुझी आई होती तोवर अशीच लिहायची. तुझ्या गादीवाल्याचं लग्नानंतर एकच पत्र आलं होतं. वर 'सादर नमस्कार', मग 'आपली प्रकृती उत्तम असेल', मग तिकडची हवा. मी उत्तर दिलं नाही. ज्याला माझ्याशी भांडता येत नाही तो घरातला कसला? आठ वर्षं पाहुणाच राहिला तो. आता बघ, पाहुण्याने घर बुडवलं.

ते जाऊ दे. मला एवढंच सांग, घर राहणार की जाणार? ते घर घेताना बँकेत जामीन म्हणून मी सही केली आहे, म्हणजे हे विचारायचा मला हक्क आहे. फोन करू नकोस. फोनवर मला नुसती माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं.

तुझी आजी

*

१२ फेब्रुवारी

नातीने गादीशी लग्न केलं आणि तिच्यावरच झोपून राहिली, असं तू अख्ख्या गल्लीला सांगत होतीस. मला तुमच्या गल्लीतल्या बसच्या ड्रायव्हरने सांगितलं. तो आमच्या चौकात गाडी लावतो हे तू विसरलीस. कळवलं नाही म्हणून रागावतेस, आणि कळवलं असतं तर काय केलं असतंस ते हे असं.

नमस्कार. आम्ही ठीक आहोत, म्हणजे उभे आहोत.

झालं ते असं. एका हॉटेलने सगळ्या खुर्च्या नव्याने भरून घेतल्या आणि पैसे न देता स्वतःच बंद पडलं. फोमवाला आणि कापडवाला यांचे पैसे आमच्या अंगावर आले. मग घराचे हप्ते चुकले, मग कोर्ट. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यामुळे माझी कुठे सही लागली नाही आणि मला बरंच काही उशिरा कळलं. तेव्हापासून ते फारसं बोलत नाहीत.

पण आजी, घर राहणार. नोटीस छापून आली त्याच सकाळी एक माणूस दारात उभा. अडचणीतल्या लोकांची घरं वाचवणारी एक कंपनी आहे, तिचा सल्लागार. पायपुसण्यावर बूट पुसून आत आला, आम्हाला एका शब्दाने टोचलं नाही. त्याच्या फायलीत पेपरातली कात्रणं होती, आमच्यासारख्यांची, एकावर एक. म्हणाला, "ताई, ह्यातल्या एकाचंही घर मी जाऊ दिलेलं नाही." बोलता बोलता त्याने खोल्या मोजल्या. टेपचं दुसरं टोक ह्यांनी धरलं होतं.

आधी प्रवेश फी भरायची होती, त्यासाठी माझं मोठं शिलाई मशीन विकलं. पुढे दर महिन्याला संरक्षण फी. बँकेशी आणि कोर्टाच्या अधिकाऱ्याशी ते बोलणार, आम्ही बोलायचं नाही, आमच्या बोलण्याने काम बिघडतं म्हणे. बँकेची पत्रं वाचून जीव घाबरा होतो, म्हणून आमचं सगळं टपालही त्यांच्या ऑफिसात जाणार. ते उघडून आमच्या कामाचं तेवढं आणून देतील. त्यांच्याशी बोलायला त्यांनीच एक फोनही दिला आहे. तेव्हा ह्यापुढे पाकिटावर आमचं नाव, खाली 'मार्फत' आणि मागे लिहिलाय तो पत्ता.

भांडत जाऊ नकोस गं गल्लीत.

तुझी ठिणगी

*

१९ फेब्रुवारी

मशीन विकलंस. ते मशीन घ्यायला मी इस्त्रीच्या दुकानात दोन उन्हाळे पंखा लावला नव्हता. एका शब्दाने विचारलं नाहीस. बूट पुसून आला म्हणून मशीन दिलंस, उद्या तो कपाळाला हात लावून रडला तर काय देशील?

आशीर्वाद.

घर वाचवायला आलेला माणूस घर मोजतो कशाला? मोजतो शिंपी, नाहीतर विकत घेणारा. शिंपी तो दिसत नाही. आणि टेपचं दुसरं टोक तुझ्या नवऱ्याने धरलं, हे तू असं लिहिलंस की जणू त्याने मोठं काम केलं.

मला तीन गोष्टी कळव. घर आज कोणाच्या नावावर आहे? त्या गुळगुळीत माणसाने काय लिहून दिलं आहे, की नुसतं लिहून घेतलं आहे? आणि बँकेत जाऊन तू स्वतः शेवटचं कधी बसलीस? हे तिन्ही तू सांगायचं. त्याने सांगितलं असं सांगू नकोस.

आणि एक गोष्ट फक्त तुला सांगते. माझा डावा कान गेला. पार गेला, दार लावून घेतल्यासारखा. केस कापणाऱ्यालाही माहीत नाही. डाव्या बाजूने कोणी बोललं की मी नुसती मान हलवते. लोकांना वाटतं म्हातारी आता समजूतदार झाली. तू आलीस की उजवीकडे बस.

मार्फत लिहायला मला लाज वाटते. माझ्या नातीला पत्र, आणि मध्ये हा कोण? पण लिहिते.

तुझी आजी

*

१० मार्च

आदरणीय आजीस सादर नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आम्ही सर्व येथे कुशल आहोत. पत्रास कारण की, सध्याच्या अडचणीच्या काळात आमच्या घराच्या रक्षणाचे काम अतिशय योग्य हातांत आहे. आता फक्त कुटुंबातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आधाराची गरज आहे. आपण आपले घर हमी म्हणून दिल्यास आमचे घर कायमचे सुरक्षित होईल. ही केवळ औपचारिकता आहे. आपल्या घराला कोणताही धोका नाही.

आमचे सल्लागार लवकरच आपली भेट घेतील. आपण त्यांच्यावर माझ्याइतकाच विश्वास ठेवावा. याबाबत इतर कोणाशी चर्चा करू नये, ही विनंती.

आपली नम्र,
नात

*

१७ मार्च
(ड्रायव्हरच्या हाती. तुझ्याच हातात देईल, दुसऱ्या कोणाच्या दिलं तर मी त्याच्याशी जन्मात बोलणार नाही असं सांगितलं आहे.)

असलं पत्र लिहिण्यापेक्षा पाकिटात वीट घालून पाठवली असतीस तर बरं. अक्षर तुझं, आणि आत एकही शब्द तुझा नाही. मला 'आपण' म्हणतेस? सात वर्षांची असताना तू मला म्हातारे म्हणून हाक मारली होतीस आणि मी तुला उलथन्याने मारलं होतं. ते नातं कुठे गेलं?

आधी वाटलं हे गादीवाल्याचं काम. वर नमस्कार, खाली प्रकृती, त्याचीच रीत. चार दिवस त्याला मनातल्या मनात धुतला, पिळला आणि वाळत घातला.

मग तो सल्लागार आला. गुळगुळीत म्हणजे किती, बोट ठेवलं तर घसरेल. मी वर घेतलं, चहा टाकला. कोणी परकं आलं की मी डावीकडची खुर्ची पुढे करते, म्हणजे मला फार ऐकावं लागत नाही. तशी केली. त्याने ती खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला, माझ्या उजव्या कानाशी आणून ठेवली आणि बसला. मग हळू आवाजात बोलायला लागला. म्हाताऱ्या बाईशी ओरडून बोलतात ना सगळे, तसा ओरडला नाही. त्याला माहीत होतं ह्या कानाला ऐकू येतं.

डाव्या कानाचं मी फक्त तुला लिहिलं होतं.

हातातला चहा सांडला नाही, एवढं मी जपलं. तो काय बोलला त्यातलं निम्मं मला आठवत नाही. एवढंच आठवतं की बोलताना तो माझ्या खिडक्यांकडे बघत होता, आणि जाताना त्याने जिन्याचा कठडा हलवून बघितला. कागद ठेवून गेला आहे. सही करून ठेवा म्हणाला.

तो गेल्यावर मी इथल्या बँकेत गेले, तुमच्याच बँकेची इथली शाखा. खिडकीतली मुलगी आधी बोलेना. मी जामीन आहे म्हटल्यावर तिने वरच्या साहेबाला विचारलं आणि मला आत बसवलं. पोरी, बँक तुम्हाला कधीपासून बोलावते आहे. हप्ते लहान करून द्यायला तयार आहे, फी नाही, काही नाही, फक्त ह्या महिन्यात नवरा-बायकोने समोर येऊन बसायचं. पत्रं पाठवली, उत्तर नाही. कोर्टाचा अधिकारीही तुमची वाट बघतो आहे. त्यांच्या लेखी तुम्ही तोंड लपवून बसला आहात. वाचवतात कसले, तुमच्या नावाने आलेली दोरी मधल्यामध्ये कापतात.

आता ऐक. उद्या मी तुला टपालाने एक पत्र टाकते, 'मार्फत'. ते तुझ्यासाठी नाही, जो उघडेल त्याच्यासाठी आहे. ते वाचून तो मंगळवारी माझ्याकडे येईल आणि दिवसभर इथे अडकेल. त्या दिवशी तू नवऱ्याला उठव, तोंड धुवायला लाव आणि बँकेत जा. तिथून कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे. कोणालाही विचारू नकोस. कंपनीने दिलेला फोन घरी ठेवून जा.

उत्तर ड्रायव्हरकडेच दे.

तुझी आजी

*

१८ मार्च

चि. सौ. नातीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सुंदर पत्र वाचून डोळे भरून आले. मी इथे आनंदात आहे. तुमचे सल्लागार साहेब येऊन गेले, फार सज्जन गृहस्थ. असा मुलगा मला असता तर मला जगात काही नको होतं.

मी सही करायला तयार आहे. साहेबांनी मंगळवारी सकाळी यावे. माझा हात कापतो आणि वाचायला वेळ लागतो, तरी संध्याकाळपर्यंत होईल. घराचे जुने कागद ट्रंकेत आहेत, किल्ली सापडत नाही, ती आपण मिळून शोधू. मी ह्याबद्दल कोणाशी बोलले नाही. एकटीच असते.

तुझी प्रेमळ आजी

*

२५ मार्च

'प्रेमळ आजी'ची नक्कल ड्रायव्हरकडे कशाला दिलीस? वाचून मला शहारे आले. तू मेल्यावर कोणीतरी तुझ्या नावाने लिहितंय असं वाटलं.

नमस्कार. तुझं कानाचं पत्र मला मिळालंच नव्हतं. मशीनवरून तू मला झाडशील म्हणून वाट बघत होते, तेही आलं नाही. मला वाटत होतं तू रुसलीस.

ते दहा तारखेचं पत्र त्याने सांगितलं आणि मी उतरवलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी म्हटलं, आजीला आम्ही असं लिहीत नाही. म्हणाला, वडीलधाऱ्यांना असंच लिहितात, ताई. मग मी मनात म्हटलं, लिहूया जसंच्या तसं, वर नमस्कार बघितला की ती ओळखेल. ओळखलंस. पण चार दिवस ह्यांना धुतलंस ते उगाच.

मंगळवारी आम्ही गेलो. बँकेत तू म्हणालीस तसंच झालं. साहेबाने हप्ते मांडून दाखवले, आम्हाला झेपतील असे. मी टेबलाखाली ह्यांचा हात धरला होता. तिथून कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने फाईल उघडली आणि विचारलं, हे घर तुम्ही कंपनीला विकलंत कधी?

आजी, ह्यांनी सही केली आहे. फेब्रुवारीतच. मला न सांगता. त्यांना सांगितलं होतं की नावापुरतं कंपनीकडे ठेवायचं, म्हणजे बँकेला हात लावता येणार नाही, तुम्ही भाडेकरू म्हणून राहा आणि तीन वर्षांनी परत घ्या. परत घ्यायची किंमत कागदात शेवटच्या पानावर आहे. ती ऐकून अधिकाऱ्यानेच चष्मा काढला.

तो म्हणाला, दिवाळखोर झाल्यावर माझ्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही, हा व्यवहार मी मोडू शकतो. पण तुमच्या नवऱ्याने स्वतः लिहून द्यायला हवं, कोण आलं, काय सांगितलं, काय वाचून दाखवलं नाही. दिलं नाही तर दिसतं असं की देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी ह्यानेच घर लपवलं. मग घर तर जाईलच, हेही तुरुंगात जातील. कंपनीने तसं कळवलंही आहे म्हणे, की सगळं ह्यांच्याच सांगण्यावरून झालं. येत्या सोमवारपर्यंत मुदत आहे.

घरी आलो तर दाराला दुसरं कुलूप. बाहेर अनोळखी माणूस, आमच्याच सोफ्याची एक खुर्ची टाकून बसलेला. कंपनीची मालमत्ता आहे म्हणाला, सामान यादी करून मिळेल. आता आम्ही दुकानात राहतो, फोमच्या थप्प्यांमध्ये. ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कागद समोर ठेवला की म्हणतात, मी लिहीन ते चुकीचंच होईल. एकदा लिहायला बसले, 'माननीय महोदय, सादर नमस्कार' लिहिलं आणि पुढे काही नाही. मी लिहून देते, तुम्ही सही करा म्हटलं, तर अंगावर काटा आल्यासारखे बघायला लागले. सही ह्या शब्दालाच भितात.

तुझ्याकडे मंगळवारी काय झालं? तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस.

ठिणगी

*

२७ मार्च
(ड्रायव्हरच्या हाती, दुकानावर.)

मी मेल्यावर माझ्या नावाने कोणी लिहितंय असं वाटलं म्हणतेस. मेल्यावर मी ह्यापेक्षा बरं लिहीन.

आशीर्वाद दोघांनाही. ह्या वेळी दोघांनाही लिहिते आहे.

मंगळवारी तो आला. सोबत आणखी एक होता, साक्षीदार म्हणे. मी केस कापणाऱ्याला वर बोलावून बसवलं, दुकान बंद करून. ट्रंकेची किल्ली आम्ही दुपारपर्यंत शोधली, ती माझ्या कमरेला होती. मग मी कागद वाचायला घेतला. अक्षर लावून लावून, मोठ्याने. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. तो गोड बोलून सांगत होता, मग नुसता सांगत होता, मग सांगेनासा झाला. उन्हं उतरली तसा त्याला फोन आला. तिकडच्या माणसाचा असणार, तुम्ही बँकेत गेल्याचं कळवायला. त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. टेप लावण्याआधी भिंतीकडे बघतात तसं.

कागद गोळा केले, पेनाला टोपण लावलं. मग माझ्या उजव्या कानाशी वाकला. "जिना उंच आहे तुमचा, आजी. एकट्या असता. जपून." आणि गेला, बूट पुसून.

परवा दोन माणसं खालच्या, केस कापण्याच्या दुकानाची समोरची बाजू मोजत होती. केस कापणाऱ्याने विचारलं तर म्हणाली, चुकीचा पत्ता. काल पायरीवर माझ्या नावाचं पाकीट होतं, आत पेपरातलं कात्रण, तुमच्या नोटिशीचं. बाकी काही नाही. तुला भिववायला सांगत नाही. केस कापणारा आता रात्री दुकानातच झोपतो, आणि मी त्या अधिकाऱ्याला उजव्या कानातलं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवलं आहे. माझ्या बाजूचा कागद पोचला. उरला एकच, आणि तो मला लिहिता येत नाही, तुलाही नाही.

म्हणून गादीवाल्या, आता तू ऐक. नातीने मोठ्याने वाचून दाखवायचं, भिंतीकडे तोंड असलं तरी.

तुला 'माननीय महोदय' जमत नाही, कारण नमस्कार केला की तू वाकतोस, आणि वाकलास की पुढचं तुझ्या हातून दुसराच कोणीतरी लिहितो. टेपचं टोक तसंच धरलंस. सहीही तशीच केलीस. तेव्हा अधिकाऱ्याला लिहू नकोस. मला लिही. आठ वर्षांत माझ्याबद्दल पोटात साठलेलं असेलच. मी तुला चहा दिला तो कायम गार. लग्नात तुझ्या वडिलांना मागच्या रांगेत बसवलं. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. तुझी गल्लीत टिंगल केली. त्यातलं जे लागलं असेल तिथून सुरू कर, आणि एकदा हात चालायला लागला की थांबू नकोस. तो माणूस दारात आला तिथपर्यंत ये. कुठे बसला, काय म्हणाला, तू काय विचारलंस आणि त्याने काय टाळलं, कोणतं पान उलटू दिलं नाही, सही केलीस तेव्हा बायको कुठल्या खोलीत होती. खाली तारीख, आणि तुझं नाव. मग मला दिलेल्या शिव्यांचं पान फाडून ठेव आणि बाकीचं अधिकाऱ्याला नेऊन दे. शिव्यांचं पान मला पाठव, मला ते हवं आहे.

ड्रायव्हर गाडी धुवून होईपर्यंत दुकानाच्या दारात थांबेल. सोमवार लांब नाही.

ठिणगे, त्याच्या हातातून पेन घेऊ नकोस, शब्द सुचवू नकोस, खुर्चीमागे उभी राहू नकोस. बाहेर जाऊन बस. माझ्या पत्राच्या पहिल्या ओळीत नमस्कार दिसला तर मी समजेन की त्याच्यामागे अजूनही कोणीतरी उभं आहे.

उत्तर त्याने लिहायचं. तू नाही.

आजी